पायवाट जागेवर आढळून येते

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाणंद रस्ते आणि शिवरस्ते, म्हणजे शेताशिवारातून आणि हद्दीवरून जाणाऱ्या वाटा, यांवरून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस चांगलीच जुंपली आहे. मी ती पत्रे रोज सकाळी मोबाइलवर वाचतो, कारण सध्या मुक्काम इंग्लंडात, स्टॉकपोर्टला लेकीकडे आहे. चौतीस वर्षे भूकरमापक म्हणून बांधाबांधाने हिंडलेला मी माणूस. रस्त्याचा वाद दिसला की चष्मा आपोआप नाकावर येतो. पण या वादात कोणाची बाजू घ्यायला मी लिहीत नाही. एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी इथल्या एका चालणाऱ्या मंडळींबरोबर रानात भटकून आलो आणि दुपारी त्यांच्या पंगतीला बसलो, ती हकिगत कळवायची आहे. जागा कमी पडली तर डोंगर गाळा, मेंढरे गाळा, जेवणसुद्धा गाळा. उसाचा परिच्छेद तेवढा ठेवावा, ही विनंती.

हा बापूस दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्यांची गवत कापायची यंत्रे मोजतो, हे पाहून लेकीने वाचनालयातल्या फलकावरची एक चिठ्ठी मला आणून दिली. दर बुधवारी चालायला निघणाऱ्या मंडळींचा गट, बहुतेक सगळे निवृत्त. चिठ्ठी मला फार आवडली, कारण ती आमच्या खात्याच्या भाषेत होती. अंतर सहा मैल, चढ मध्यम, ओलांडायचे दगडी गडगे इतके, फाटके इतकी, जेवण एक वाजता, जेवणाची मागणी सोमवारपर्यंत कळवावी. निसर्गरम्य वगैरे शब्द एकही नाही.

डर्बीशरमधल्या हेफील्ड नावाच्या गावात साडेनऊला जमलो. मला धरून चौदा जण. सगळ्यात ज्येष्ठ आजोबा ८३ वर्षांचे, जन्मभर टपाल वाटलेले. त्यामुळे चालण्यात ते कोणाला ऐकणारे नव्हते. पुढे चालणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी शाळेच्या सहलीसारखी डोकी मोजली, मग सगळ्यात मागे राहायला एक माणूस नेमला. त्याच्या मागे कोणी राहायचे नाही आणि बाईंच्या पुढे कोणी जायचे नाही, एवढा एकच नियम. आपल्याकडे मोजणीला गेल्यावर साखळीचे पुढचे टोक एकाकडे आणि मागचे दुसऱ्याकडे असते, तसेच हे. मधल्यांनी कसेही वागावे.

बाईंनी गडग्यावर नकाशा पसरला आणि मी पुढे सरकलो. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशाखात्याचा एकास पंचवीस हजारचा नकाशा, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यावर शेताशेताचा बांध काढलेला. आपल्या गाव नकाशाचीच आठवण यावी असे काम. तुटक रेघा मात्र दोन रंगांच्या होत्या, काही काळ्या आणि काही हिरव्या. मी विचारले तेव्हा बाईंनी जे सांगितले ते मी तिथेच वहीत टिपून घेतले. काळी तुटक रेघ म्हणजे जागेवर वाट आहे, तिच्यावरून जायचा हक्क असेलच असे नाही. हिरवी तुटक रेघ म्हणजे जायचा हक्क आहे, जागेवर वाट दिसो की न दिसो.

माझ्या उभ्या नोकरीत नकाशावरची रेघ खरी की जागेवरची वाट खरी, याच प्रश्नावर लोक एकमेकांच्या उरावर बसलेले मी पाहिले. इथे दोन्हींना वेगवेगळी शाई देऊन टाकली आहे.

ही हिरवी शाई कुठून आली, ते वाटेत टपालवाल्या आजोबांनी सांगितले. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, त्यात प्रत्येक काउंटी कौन्सिलवर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेवर, आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा पक्का नकाशा करायचे बंधन आले. त्याला डेफिनिटिव्ह मॅप म्हणतात. जमीनमालकांच्या हरकती ऐकून एकदा का वाट त्यात चढली, की तो नकाशा हाच अंतिम पुरावा. नकाशात नसलेली वाट लोकांनी वीस वर्षे बिनदिक्कत, बिनपरवानगी, उघडपणे वापरली असेल, तर ती मालकाने लोकांना देऊन टाकली आहे असे १९८० चा महामार्ग कायदा धरून चालतो. मालकाला ते नको असेल तर त्याने वेळीच पाटी लावावी किंवा कौन्सिलकडे लिहून द्यावे. इंग्लंड-वेल्स मिळून अशा वाटा सुमारे १,४०,००० मैल भरतात. हे ऐकून मी मनातल्या मनात त्याच्या साखळ्या करायला लागलो आणि पाय घसरला.

साखळीचे निघालेच आहे तर सांगतो. इंग्रजांची गंटरची साखळी ६६ फुटांची, आपली तिच्या निम्मी, ३३ फुटांची, सोळा आण्यांची. आपली साखळी लांब आणि साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची का, तर ती गंटरची बरोबर एक साखळी आहे म्हणून. हे मी सोबतच्या एका गृहस्थांना सांगितले तर ते वाटेत थांबून खूश झाले. पन्नास वर्षे क्रिकेट पाहतोय, म्हणाले, पण हे कोणी सांगितले नव्हते.

गावातून वर जाणारी ही वाट म्हणजे स्नेक पाथ. पहिल्याच चढावर झाडांचा एक पुंजका लागतो, त्याला इथे ट्वेंटी ट्रीज म्हणतात. झाडे वीसच आहेत का, हे मोजायचा मोह मी आवरला. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणे आणि त्यांमधून गडगे, आपल्या कोकणातल्यासारखे, चुना-मातीशिवाय दगडावर दगड रचलेले. गडग्यातून माणसाने पलीकडे जायचे तर लांब दगडी फरश्या भिंतीतून आरपार बाहेर काढून पायऱ्या केलेल्या असतात. माणूस चढून उतरतो, मेंढी चढत नाही. कुठे कुठे फाटक असते, त्याला इथे किसिंग गेट म्हणतात. नाव ऐकून मी आपला गप्प राहिलो. प्रकार असा की अर्धगोल कठड्याच्या आत फाटकाची झडप लटकते. ती आपल्याकडे ओढायची, कठड्याच्या कोपऱ्यात अंग चोरून उभे राहायचे, झडप पलीकडे ढकलायची आणि निघायचे. एका वेळी एकच माणूस जातो. झडप दोन्ही खांबांना नुसती टेकते, म्हणून हे नाव, असे शिक्षिकाबाईंनी गंभीरपणे सांगितले. मागून येणारे गृहस्थ मात्र आपल्या बायकोला झडपेपलीकडे अडवून दुसराच अर्थ सांगत होते. सत्तरी उलटलेली जोडी. या फाटकाला कडी नाही, कुलूप नाही, उघडे राहायची सोयच नाही. आपल्याकडे रस्त्याच्या भांडणात निम्मा वेळ गुरे शेतात शिरतात यावर जातो. ती तक्रार इथे सुताराने मिटवली आहे.

कुरणात कोकरेच कोकरे. दोन-तीन आठवड्यांची असतील, गुडघे सुटे असल्यासारखी उड्या मारत होती. प्रत्येक मेंढीच्या कुशीवर रंगाने मोठा आकडा मारलेला आणि तोच आकडा तिच्या कोकरांवर. २७ नंबरच्या मेंढीमागे दोन २७ नंबर धावत होते. हे पाहून मला जे समाधान झाले ते भूमी अभिलेखातल्या माणसालाच कळेल. मूळ गट नंबर आणि त्याचे पोटहिस्से एका नजरेत जुळत होते.

पुढे एका शेतात गवत राखून ठेवलेले होते. तिथे बाईंनी हात वर केला आणि गप्पा मारत पसरलेले आम्ही सगळे मुकाट्याने एकामागे एक झालो. कोणी काही बोलले नाही, पण पलीकडे गेल्यावर मी विचारले. त्या म्हणाल्या, गवत हे त्याचे पीक आहे, हक्क आपला वाटेपुरता. वाट हातभर रुंद पिवळट पट्टी होती आणि चौदा माणसे तिच्यावरून अशी गेली की कडेची काडी वाकली नाही. त्या शेताचा मालक चारचाकी मोटरसायकलवरून येत होता, तो थांबला, पावसाबद्दल चार शब्द बोलला आणि गेला. पावसाबद्दल इथे सगळेच बोलतात. पण त्याच्या चेहऱ्यावर कपाळाला आठी नव्हती, हे मी नीट पाहून घेतले. कारण आपल्या वाचकपत्रांत शेतकऱ्याची जी बाजू येते, की एकदा वाट दिली की लोक शेत तुडवतात, तीही मी मोजणीच्या वेळी हजारदा ऐकलेली आहे, आणि ती खोटी नाही.

कुरणे संपली की शेवटच्या फाटकानंतर सारे बदलते. वर उघडा माळ, तपकिरी, काळपट. हेदर नावाचे झुडूप सगळीकडे, त्याला जांभळा फुलोरा ऑगस्टात येतो, एप्रिलमध्ये ते जळके दिसते. डोक्यावर तुरा असलेली, आपल्या टिटवीची चुलत बहीण शोभेल अशी पाखरे ओरडत फिरत होती. चंडोल दिसत नव्हता, नुसता वरून गात होता. मधेच पायाखालून एक कोंबडीएवढा पक्षी फडफडत उठला आणि कर्कश ओरडत गेला. हा ग्राऊस. त्याचे ओरडणे इंग्रजांना ‘गो बॅक, गो बॅक’ असे ऐकू येते. मलाही तसेच ऐकू आले, आणि आपल्याकडच्या जुन्या घोषणा आठवून हसू आले. त्या पक्ष्याला ते कोणी शिकवले म्हणायचे.

याच पक्ष्यापायी इथे एके काळी माणसांना माळावर बंदी होती. समोर किंडर स्काउटचे पठार दिसत होते, उंची ६३६ मीटर, आपल्या हिशोबाने किरकोळ. पण ही जमीन एका ड्यूकची, म्हणजे इथल्या बड्या सरदाराची, ग्राऊसच्या शिकारीसाठी राखलेली, आणि दंडुके घेतलेले राखणदार तिच्यावर. खाली मँचेस्टरच्या गिरण्यांमध्ये आठवडाभर राबणाऱ्या पोरांना रविवारी डोंगर नुसता पाहायचा. २४ एप्रिल १९३२ रोजी अशी सुमारे चारशे पोरे हेफील्डला जमली. बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा मुलगा खाणीतल्या दगडावर उभा राहून बोलला आणि सगळे मिळून विल्यम क्लफ नावाच्या घळीतून वर घुसले. राखणदारांशी झटापट झाली. पुढे पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. गंमत म्हणजे शिक्षा दुसऱ्याच्या जमिनीत शिरल्याबद्दल नव्हती, कारण तो तेव्हा गुन्हाच नव्हता, नुसता दिवाणी मामला होता. खटले भरले ते दंगा आणि मारहाणीचे. सत्तर वर्षांनी, २००२ साली, तेव्हाच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

माळावर शिकारी लोकांसाठी बांधलेली एक पांढरी झोपडी आहे. तिच्या आडोशाला बसून कॉफी झाली. मी लेकीने दिलेला शंकरपाळ्यांचा डबा फिरवला. तो माझ्याकडे रिकामा परत आला. निघाल्यावर दहा मिनिटांत मी चिखलात गुडघ्यापर्यंत गेलो. दिसायला हिरवीगार शेवाळी जमीन, आत सगळे पाणी आणि काळे पीट, म्हणजे कुजलेल्या झाडोऱ्याची माती. दोघांनी काखेत हात घालून मला उपटले. बूट राहिला, तो ८३ वर्षांच्या टपालवाल्यांनी काठीने काढून दिला. माझी चूक अशी की वाट वळसा घेत होती आणि मी सरळ निघालो होतो. दोन बिंदूंमधले कमीत कमी अंतर, ही सवय नडली.

मग विल्यम क्लफच्या पायथ्याला उतरलो, तिथून किंडर जलाशयाच्या कडेकडेने परत, आणि जुन्या खाणीपाशी आलो. आता तिथे गाड्या लावतात. खडकावर १९३२ ची आठवण सांगणारी पाटी आहे. बाकीचे पुढे निघाले होते, कारण पावणेएक वाजला होता आणि भुका लागल्या होत्या. चालणारे लोक स्मारकापाशी फार रेंगाळत नाहीत.

आता जेवण. गावातल्या एका पबमध्ये लांब टेबल राखून ठेवले होते. दाराशी चिखलाचे बूट काढायचे किंवा वरून प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या. मी मोज्यांवरच आत गेलो, एक मोजा पांढरा आणि एक काळा. मागणी सोमवारीच गेलेली असल्यामुळे कोणापुढे काय ठेवायचे याची यादी होती. माझ्यापुढे चीज-कांद्याचे सारण भरून भाजलेला, ‘पाय’ नावाचा पदार्थ, बटाट्याचे जाड काप आणि घोटलेले हिरवे वाटाणे. तिखटाचे नाव नव्हते, पण सहा मैलांनंतर कोणी तिखट मागत नाही. प्रत्येकाने आपापले पैसे द्यायचे. मी सगळ्यांचे द्यायला निघालो तर बाईंनी डोळ्यांनीच बसवले. रुपयांत हिशोब करायचा नाही अशी लेकीची ताकीद होती, म्हणून केला नाही.

चालताना ही माणसे दोघे-दोघे बोलतात, आणि बोलण्याचा जोडीदार फाटकाफाटकाला बदलतो. जेवायला बसेपर्यंत प्रत्येकाचे प्रत्येकाशी थोडेथोडे झालेले असते, त्यामुळे टेबलावर ओळखीपाळखीचा अवघडलेपणा राहत नाही. गेल्या वर्षी नवरा गेलेल्या एक बाई माझ्या उजव्या हाताला होत्या. बुधवारचे हे जेवण हे आठवड्यातले एकच, जे त्या एकट्या जेवत नाहीत, असे त्यांनी वाटाणे पुढे सरकवता सरकवता सांगितले आणि लगेच हवेवर गेल्या.

गोड यायच्या आत दोन म्हाताऱ्यांची जुंपली. एकाचे म्हणणे, १९३२ ची ती पोरे तुरुंगात गेली म्हणून १९४९ चा कायदा आला, म्हणून १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, म्हणून २००० च्या कायद्याने उघड्या माळांवर मोकळे फिरायचा हक्क मिळाला. टपालवाल्यांचे म्हणणे, उगीच काही सांगू नका. तेव्हाच्या चालणाऱ्यांच्या मोठ्या संघटनांनी त्या घुसखोरीला विरोध केला होता. आपण आज ज्या वाटेने वर गेलो ती स्नेक पाथ १८९७ सालीच खुली झाली, कोणी तुरुंगात न जाता. ती कोणी केली, तर जुने नकाशे काढून, मालकांना पत्रे लिहून, बोलणी करून पाठ न सोडणाऱ्या मंडळींनी. मँचेस्टरात जुन्या पायवाटा राखायला पहिली संस्था १८२६ मध्ये निघाली होती, ते म्हणाले, तेव्हा रॉथमनचा आजोबा तरी जन्मला होता का?

मी परका, मी कशाला बोलू. पण मनाने मी टपालवाल्यांच्या बाजूला होतो. पाटी तुरुंगात जाणाऱ्यांची लागते. दप्तर चाळणाऱ्याची कोणी लावत नाही. ते स्वतः थंडीचे चार महिने अभिलेखागारात बसून जुने नकाशे पाहतात आणि नोंदीतून सुटलेल्या वाटा हुडकतात. अशा जुन्या पुराव्यांवर वाट नोंदवायला सरकारने २०२६ ची मुदत घातली होती, ती वाढवून २०३१ केली, आणि ती मुदतच काढून टाकणार असल्याचे २०२४ च्या डिसेंबरात जाहीर केले. म्हणून घाई नाही, असे ते ८३ व्या वर्षी म्हणाले.

या सगळ्या गोंधळात समोर बसलेल्या तांबड्या टोपीच्या एक बाई बशी बाजूला सारून एक कागद भरत होत्या. पूर्वी त्या परिचारिका होत्या. त्या एका संस्थेसाठी आपल्या वाट्याला आलेल्या भागातल्या सगळ्या वाटा वर्षातून चालून पाहतात, बिनपगारी. एका गडग्याची वरची फरशी डुगडुगत होती, ती नोंद चालली होती. मी त्यांना विचारले, शेतकऱ्याने वाट नांगरून टाकली तर? त्या म्हणाल्या, शेताच्या मधून जाणारी असेल तर नांगरायला हरकत नाही, पण चौदा दिवसांत त्याने ती पुन्हा चालण्याजोगी करून, निदान एक मीटर रुंद ठेवून, जागेवर दिसेल अशी आखून द्यायची. पीक वर आले तरी तेवढी पट्टी मोकळी पाहिजे. कडेने जाणारी असेल तर नांगर लावायचाच नाही. १९९० चा कायदा आहे. मग त्यांनी मला विचारले, तुमच्याकडे काय करतात?

आता उसाचा परिच्छेद. साल नक्की सांगत नाही, गावही नाही. एका गटाची हद्द कायम करायला गेलो होतो. गाव नकाशात त्या गटातून तुटक एकेरी रेघ गेलेली, म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. जागेवर ऊस, दीड पुरुष उंच, आत कुत्रे शिरले तर दिसू नये असा. बांधावर डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन एक म्हातारी उभी होती. तिचे रान उसाच्या पाठीमागे. ती म्हणाली, “सायेब, ह्यातनंच आमची वाट हुती. माझी सासू ह्यातनंच जायाची.” मी म्हणालो, आजी, तहसीलदारांकडे अर्ज करा. अर्जाचे मला पक्के ठाऊक होते. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते, आणि ऊस दुसऱ्या वर्षाचा, खोडवा होता. मी मोजणी केली, खुणा दाखवल्या आणि अहवालात लिहिले, “नकाशात दर्शविलेला पायमार्ग जागेवर आढळून येत नाही.” लगतधारकांच्या सह्या घेतल्या. म्हातारी ओढ्याला वळसा घालून गेली, पाऊण तासाची वाट.

त्या वाक्यात एक अक्षर खोटे नव्हते. नोकरीत असली वाक्ये मी किती लिहिली असतील, ते मोजलेले नाही.

तांबड्या टोपीच्या बाईंनी हे सारे ऐकून घेतले. कीव केली नाही की दोष दिला नाही. त्यांनी आपला कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला आणि एका रकान्यावर बोट ठेवले. वाट आढळली की नाही, असा रकाना त्यात नव्हताच. वाट आहे हे धरलेलेच होते. रकाना होता तो अडथळा कोणता याचा. म्हणजे माझ्या जागी त्या असत्या तर त्यांनी लिहिले असते, अडथळा, ऊस.

मला पुढे गोड खाववले नाही. ते गरम खजुराचे काहीतरी होते, वर पातळ साखर ओतलेली. टपालवाल्यांनी ते संपवले.

मी येत्या पंचवीस तारखेला परततो आहे. आमच्या गावच्या नकाशाच्या प्रतीसाठी पुतण्याने अर्ज केला आहे. फोनवर सात जण तयार झाले. त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, रस्त्यावरूनच. म्हणून त्यांना शेजारी शेजारी चालवायचे ठरवले आहे. मृगाचा पाऊस लागायच्या आत, राने मोकळी असतानाच, येत्या सात जूनच्या आधीचा रविवार धरला आहे. नकाशावरची एकेरी तुटक रेघ धरून गावठाणापासून ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जायचे, जिथे पेरलेले असेल तिथे एकामागे एक व्हायचे, आणि जेवायला चुलतभावाकडे थांबायचे. त्याला आकडा शुक्रवारपर्यंत कळवायचा आहे. अंतर सव्वातीन किलोमीटर, चढ नाही, ओढे दोन. काटेरी कुंपणे किती ते चालल्यावर कळेल, त्यासाठी कोरा कागद मी आणतो.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
(तूर्त मुक्काम स्टॉकपोर्ट, इंग्लंड)